चंद्रीच्या आतड्याची रजा

"नीलव्वा कोरेच्या म्हशीचं आतडं अमावास्येपर्यंत रजेवर चाललंय, आणि जायच्या आधी गल्लीतल्या एकीचं नाव घेणार आहे म्हणे, ते कशाबद्दल तर..." इतकं कालिंदीबाईंच्या कानावर आलं आणि भिंतीपलीकडे उखळात दाण्यांचे दणके सुरू झाले. पुढचं काही ऐकू आलं नाही.

आतड्यानं रजा मागावी, यात कालिंदीबाईंना वावगं असं काही वाटलं नाही. राबणारं कुणीही कधी ना कधी थकतंच. त्यांना टोचत होतं ते नाव. आपल्याला न कळता गल्लीत कुणाचं नाव घेतलं जातं म्हणजे काय? त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटायची विसरल्या, आणि चपला अडकवून बाहेर पडल्या.

"तुला विचारल्याशिवाय या गल्लीत मांजरसुद्धा व्यायचं नाही," आतून नवऱ्यानं टोला हाणला.

"व्यायलेलं कळल्याशिवाय तिला दूध कोण ठेवणार? तुम्ही?" असं म्हणत त्या दारापलीकडे गेल्यासुद्धा.

ही गल्ली शेंगाचटणीची. घरोघरी दाणे निवडायचे, भाजायचे, तिखटमीठ घालून कुटायचे. निवडताना बाजूला निघालेले काळपट, सुरकुतलेले, बुरशीची पांढुरकी पूड धरलेले दाणे टाकून द्यायची इथं पद्धत नव्हती. अन्न टाकायचं नाही. ते पाटीत भरून संध्याकाळी नीलव्वाच्या गोठ्यात न्यायचे, चंद्रीपुढे ओतायचे, तिच्या कपाळावर हात फिरवायचा आणि सकाळी तिचंच दूध चहाला आणायचं. भाकरीवर हिरवी लव आलीच, तर ती पदरानं पुसून भाकरीही तिलाच. कालिंदीबाईंची पाटी सगळ्यांत मोठी असे. निवडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळे बाजूला निघायचंही त्यांच्याकडेच जास्त.

गोठ्याच्या दाराशी अर्धी गल्ली जमली होती. चंद्री मान खाली घालून उभी होती. रवंथ बंद, शेण पातळ, आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. नीलव्वा तिच्या गळ्याला टेकून बसली होती. नवरा गेल्यापासून ती आणि चंद्री, एवढाच त्या घरचा संसार.

"दलाल सकाळीच येऊन गेला," नीलव्वा म्हणाली. "म्हणतो, उभी आहे तोवर देऊन टाक. ही गेली तर गोठ्यात मीच उरते गं कालिंदीवैनी."

कालिंदीबाईंना नाव विचारायचं होतं. त्यांनी ते तोंडातच ठेवलं आणि नीलव्वाच्या पाठीवर हात ठेवला.

जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर गुंजाळ पोत्यावर बसून सुनावणी घेत होते. त्यांनी म्हशीच्या कुशीला कान लावून विचारलं, "अर्जदार हजर आहेत?"

"हजर आहोत," आतडं म्हणालं. आवाज बारीक पण स्पष्ट होता, वर्षानुवर्षं एकाच खिडकीत बसलेल्या कारकुनाचा असतो तसा. "आणि आजवर कधी गैरहजर नव्हतो, हे आधी लिहून घ्यावं."

"रजेचं कारण?"

"स्वतःचं आजारपण. आमची भिंत एका पदराची, साहेब. पेशीला पेशी खेटून उभी, मधे सुई जायची नाही. कडब्यातलं सत्त्व आत सोडायचं, घाण अडवायची, हे आमचं काम. बुरशीचं विष आलं की हे सांधे सैल होतात. मग नको ते आत शिरतं आणि हवं ते तसंच खाली वाहून जातं. आम्ही रोज लिंपतो. पण लिंपणाच्या वेगापेक्षा पडझडीचा वेग वाढलाय."

"वरच्या कोठ्यात रवंथाची जंतुमंडळी आहेत ना? ती विष मोडतात, अशी माझी माहिती आहे."

"मोडतात. जिवावर उदार होऊन मोडतात बिचारी. पण सगळी विषं त्यांच्या हातात नाहीत, आणि आता तर त्यांचीच माणसं कमी पडताहेत."

कालिंदीबाई भारावून ऐकत होत्या. एका पदराची भिंत! त्यांच्या घराची भिंत दीड विटांची होती, तरी पावसाळ्यात ओल यायची. आणि ही बाई, बाई नव्हे, हे आतडं, अंधारात, कुणी 'वा' म्हणायला नसताना, एकटं दारात उभं राहून आल्या-गेल्याची चौकशी करत होतं. उभ्या आयुष्यात त्यांना इतकं जवळचं कुणी वाटलं नव्हतं.

"दाणे धुऊन दिले तर?" मागून रत्नमालेनं विचारलं. तिचं उखळ गल्लीत सगळ्यांत मोठं आणि तोंडही त्याच मापाचं.

"धुऊन जात नाही," आतडं म्हणालं.

"भाजून?"

"भाजूनही पुरतं जात नाही. वरची बुरशी दिसते, विष दिसत नाही. शिवाय बाई, तुम्ही सगळ्या फार नीट निवडता. गाडीभर दाण्यांतलं विष वेचून वेचून मूठभर दाण्यांत गोळा करता आणि ते आमच्याकडे पाठवता. त्यातलं थोडं आम्ही अडवतो. थोडं दुधातून तुमच्या चहात परत येतं. आमचा नाइलाज आहे."

दोघीतिघींनी हळूच आपापल्या पोटावर हात ठेवला.

डॉक्टर गुंजाळांनी घसा साफ केला. "कारण ग्राह्य. पण आतडं रजेवर म्हणजे म्हशीचं काय?"

"म्हैस आमच्या पाठीशी उभी आहे."

"ती तुमच्या भोवती उभी आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यामुळे मुख्यालय सोडता येणार नाही. जागेवर राहून रजा. वाळलेला चांगला कडबा, स्वच्छ पाणी आणि विष धरून ठेवणारी पूड मी देतो, एवढंच हलकं काम करायचं. आणि दारावरच्या चौकशीला बदली माणूस लागेल. त्याशिवाय मंजुरी नाही."

"म्हणूनच एक नाव सुचवायचं होतं," आतडं म्हणालं.

सगळ्या बायका एकदम मागे सरल्या. कालिंदीबाईंच्या डोळ्यांसमोर आपली मोठी पाटी उभी राहिली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"कालिंदी माने," आतडं म्हणालं. "कोण आलं, काय आणलं, कुठून आणलं, केव्हाचं आहे, हे विचारल्याशिवाय ही बाई कुणाला सोडत नाही. आमच्या खात्यात हाच पहिला गुण लागतो. आम्ही कितीदा तरी आतून ऐकलंय. फार अभ्यास आहे त्यांचा."

"अगं बाई," कालिंदीबाई म्हणाल्या. चारचौघांत त्यांच्या चौकशीला कुणी गुण म्हणण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी पदर खोचला. "रुजू कधी व्हायचं?"

"आत्ताच," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून कालिंदीबाई गोठ्याच्या दारात पाट टाकून बसू लागल्या. आधी त्यांनी स्वतःच्या घरची पाटी परत पाठवली. मग पेंडीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची पेंड वर काढली, हुंगली, ओल लागली म्हणून पोतं दुकानदाराच्या दारात नेऊन उभं केलं. कडब्याची प्रत्येक पेंढी सोडून उन्हात पसरली. काळी पडलेली धाटं बाजूला झाली.

रत्नमाला पाटी घेऊन आली ती फणकाऱ्यातच. "हे काय करू मग? उकिरड्यावर टाकू? अन्न आहे ते!"

"अन्न होतं तेव्हा तू त्याची चटणी केलीस. हे उरलंय ते विष. खड्डा खण आणि पूर."

"अन्न पुरायचं म्हणजे पाप लागेल."

"पाप लागेल ते माझ्या नावावर लाव. पण ही पाटी आत गेली तर ते चंद्रीला लागतं, आणि मग तुझ्या नातवाच्या वाटीत येतं. बोल, कुठं लावू?"

रत्नमालेनं पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "कुदळ आहे का तुझ्याकडे?" कालिंदीबाईंनी कुदळ दिली, आणि खड्डा पुरेसा खोल झाला का हे बघायला मागोमाग गेल्याही.

मधे एकदा दलाल येऊन गेला. त्याला गोठ्यात शिरायला मिळालं नाही. कोण, कुठला, खिशात काय आहे, याआधी कुठल्या गोठ्यात जाऊन आलास, हे सगळं विचारून झालं तेव्हा तो आपण कशाला आलो होतो हे विसरला होता.

अमावास्येच्या सकाळी नीलव्वानं हाक मारली. चंद्री बसली होती, डोळे अर्धे मिटून, आणि तिचा जबडा संथपणे डावीउजवीकडे फिरत होता. रवंथ. नीलव्वा तोंडाला पदर लावून रडत होती आणि हसतही होती. डॉक्टरांनी कुशीला कान लावला.

"रुजू झालो," आतडं आतून म्हणालं. "भिंत उभी राहिली आहे. एक विनंती. बदली कर्मचाऱ्याला कार्यमुक्त करू नये."

"दोघांना एकाच जागेवर ठेवता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"जागा दोन आहेत. एक दाराबाहेरची, एक दाराआतली."

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली.

नळावर बायका म्हणू लागल्या की ती बातमी खोटीच निघाली. आतडं कुठं गेलं नाही की आलं नाही. "अर्धी खोटी," कालिंदीबाईंनी दुरुस्त केलं. "गेलं नाही हे खरं. पण रजा घेतली होती आणि नावही घेतलं होतं."

संध्याकाळी रत्नमाला परत पाटी घेऊन आली. या खेपेला दाणे टपोरे, गुलाबी, खास चंद्रीसाठी वेगळे काढलेले होते.

"थांब," कालिंदीबाई म्हणाल्या. "पाटी खाली ठेव. इकडे, उजेडात." त्यांनी दाणे ताटात पसरले आणि एकेक उलटून बघू लागल्या.

"आम्ही सोडले असते एव्हाना," आतून आतडं हळूच म्हणालं.

"म्हणूनच थकलात," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि ताटातून एक दाणा उचलून बाजूला ठेवला.