करकोच्याचा दुसरा पाय

अलेसभाऊजी चित्र कधीच पूर्ण करून देत नसत. आधी ते घेणाऱ्याच्या भिंतीवर टांगायचं आणि मग दर आठवड्याला येऊन थोडं थोडं रंगवायचं, ही त्यांची पद्धत. कॅनडातलं आमचं सगळं किचनर शहर खिशातल्या फोनची बटणं दाबत होतं, त्या वर्षांत त्यांच्या खिशात ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली असे.

बेलारूसचे हे चित्रकार समोरच्या घराच्या बेसमेंटमध्ये एकटेच राहत. 'भाऊजी' हे नाव माझ्या बायकोनं, सुधानं दिलेलं. त्यांना ती चित्रकाराची पदवी वाटली. नव्या माणसाला ते ऐटीत सांगत, "आय ॲम भाऊजी."

आमच्या सोफ्यामागच्या भिंतीवर त्यांचं गाव होतं: तळं, लाकडी घर, छपरावर करकोचा. रविवारी ते बूट काढून आत येत, चित्राकडे पाहून "नॉट येट" म्हणत, एखादं पान रंगवत आणि सुधाच्या हातची तीन थालीपीठं खात. थालीपिठात बटाटा नसणं हा त्यांच्या मते निष्काळजीपणा होता.

एका रविवारी मात्र ते चित्रासमोर नुसतेच उभे राहिले. रंगवायला काही उरलंच नव्हतं. ब्रश खिशात ठेवून ते सावकाश बूट घालू लागले.

सुधा स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजी, करकोच्याला एकच पाय आहे."

"करकोचा एकाच पायावर उभा राहतो, मॅडम."

"आमच्याकडचे दोन पायांवर राहतात."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग घातलेला बूट पुन्हा काढला. "खरंय. कठीण काम आहे. नेक्स्ट संडे."

पुढच्या रविवारी पाय आला. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनीच तो पुसला. "फार जाड." असे कितीतरी हिवाळे गेले.

या मार्चमध्ये भाऊजी गेले. अंत्यविधीनंतर गल्लीतली मंडळी आमच्याकडे चहाला आली, तेव्हा कळलं. कुणाच्या चित्रात होडीला वल्हं नव्हतं, कुणाच्या कुंपणाला फाटक. एका घरी ते मंगळवारी जात, एका घरी शुक्रवारी.

परवा त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडणारी मुलगी आली. तिनं चित्राचे कोपरे तपासले. "सही नाही. 'अनफिनिश्ड' लिहावं लागेल."

सुधा मला हळूच म्हणाली, "सही केली असती, तर पुन्हा कशाच्या निमित्तानं आले असते?"

"चित्र न्यायला रविवारी येऊ?" मुलीनं विचारलं.

"रविवार नको," सुधा म्हणाली. "रविवारी भाऊजी येतात."