पाण्याचं रिटर्न

"काका, तुम्ही खंडणी कधीपासून गोळा करता?"

अमृताने हे इतक्या शांतपणे विचारलं, की श्रीनिवास धारूरकरांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर. म्हणजे प्रश्न त्यांनाच होता.

श्रीनिवासरावांचं पुंडलिकनगरात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटं दुकान. गिऱ्हाईक पेन घ्यायला आलं, तर "आधी रेघोट्या मारून बघा, मग पैसे द्या" असं सांगणारा हा माणूस. इन्कम टॅक्सचं रिटर्न त्यांनी कधी भरलं नव्हतं, कारण त्यांचं उत्पन्न कराच्या उंबरठ्यापर्यंत पोचायच्या आधीच दम टाकायचं. पण यंदा लेक मनस्विनीला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. कर्जासाठी बँकेने वडिलांचं रिटर्न आणि खात्याचा उतारा मागितला. शुक्रवारपर्यंत कर्जाचे कागद झाले नाहीत, तर तिची जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. म्हणून ते गल्लीच्या टोकाला नव्याने ऑफिस थाटलेल्या अमृताकडे आले होते. ही मुलगी सीए होती आणि कामाच्या वेळी हसत नसे.

"खंडणी?" श्रीनिवासरावांना घाम फुटला.

"मी नाही म्हणत, तुमचा उतारा म्हणतोय. हे बघा. दर महिन्याला 'खंडणी'. त्याच्याखाली 'हप्ता'. मग 'भाईला सलाम'. मग 'तोंड बंद ठेवण्याबद्दल'. आणि हे तात्यासाहेब कोण? ते दर महिन्याला 'घरभाडे' पाठवतात. तुमचं एखादं घर भाड्यानं दिलंय का?"

"अगं पोरी, ते पाणी आहे पाणी! टँकरचं!"

खरंच ते पाणी होतं. नळाला पाणी कधी येणार हे पंचांगातही सापडत नसल्यामुळे गल्लीतली चौदा घरं मिळून टँकर मागवत. पैसे कोणी गोळा करायचे हा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी श्रीनिवासरावांकडे पाहिलं, कारण त्यांना नाही म्हणता येत नसे. तेव्हापासून सगळे मोबाईलवरून त्यांच्या खात्यात पैसे टाकत आणि ते टँकरवाल्याला देत. पैसे टाकताना शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंय हे कोण बघतो? वाळूजच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या हिमांशूने गंमत म्हणून एकदा 'खंडणी' लिहिलं, आणि ते बघून बाकीच्यांनाही विनोद सुचू लागले. तात्यासाहेबांनी मात्र विनोद केला नव्हता. पैसे म्हटले की त्यांना भाडंच आठवायचं.

"दुकानाच्या कमाईपेक्षा जास्त पैसा खात्यात दिसतोय, बँक विचारणारच," अमृता म्हणाली. "असं करा, प्रत्येक घरातून साध्या कागदावर लिहून आणा, की हे पैसे टँकरच्या पाण्याचे होते. खाली सही. बस्स."

"एवढंच ना?" श्रीनिवासरावांचा जीव भांड्यात पडला. आपल्या गल्लीवर त्यांचा गाढ विश्वास होता.

तो विश्वास घेऊन ते पहिल्यांदा तात्यासाहेबांकडे गेले. तात्यासाहेबांचं चार मजली घर, त्यात तीन भाडेकरू, आणि फाटकाला दिवसाही कुलूप.

"तात्यासाहेब, एक सही पाहिजे होती. इन्कम टॅक्सचं काम आहे."

हे दुसरं वाक्य बोलायला नको होतं. फाटकाकडे निघालेले तात्यासाहेब जागीच थबकले.

"कशाबद्दल सही?"

"टँकरच्या पाण्याबद्दल."

"आम्ही कुठं टँकरचं पाणी घेतो?"

"अहो, तुमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत ना!"

"त्या रिकाम्या असतात."

"मग एवढी माणसं पितात काय?"

"आमच्याकडं सगळ्यांना तहान कमी आहे," असं म्हणून तात्यासाहेब घरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

हिमांशूने तर सरळ कानांवर हात ठेवले. "काका, माझा मोबाईल हॅक झाला होता."

"दोन वर्षं?"

"लई डेंजर हॅकर होता. दर महिन्याला वेळेवर पैसे टाकायचा."

घरच्या घरी ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या रत्नमालाने दारावरचा बोर्ड काढून पलंगाखाली सारला होता. "भाऊ, तुमच्या पाया पडते, पण माझं नाव कुठं घेऊ नका," एवढंच ती फटीतून बोलली.

श्रीनिवासराव पुढच्या घरी पोचण्याआधी बातमी पोचत होती. एका घरी 'टॅक्सचं काम' होतं, त्याच्या पुढच्या घरी 'टॅक्सची नोटीस' झाली, आणि गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत धारूरकरांच्या माळ्यावरून नोटांची पोती निघाली होती. संध्याकाळी 'गल्ली पाणीपुरवठा' या व्हॉट्सॲप ग्रुपमधून एकेक जण बाहेर पडू लागला. शेवटी त्यात एकटे श्रीनिवासराव उरले. तरीही नेमाप्रमाणे त्यांनी लिहिलं, "उद्या सकाळी टँकर येणार आहे." मग आपणच ते वाचलं आणि मोबाईल ठेवून दिला.

"कितीदा सांगितलं होतं," बायको भानुमती कडाडली, "लोकांचे पैसे आपल्या खात्यात घेऊ नका म्हणून! घ्या आता, भाईला सलाम!"

"जाऊ द्या ना बाबा," मनस्विनी म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू. तोवर मी बसते दुकानात." ती हे हसत हसत म्हणाली. रडत म्हणाली असती, तर श्रीनिवासरावांना निदान जेवण गेलं असतं.

सकाळी टँकरवाला सांडू टँकर घेऊन आला. एरवी हॉर्न वाजला की चौदा दारांतून चौदा पाईप बाहेर पडत आणि पहिला नंबर कोणाचा यावरून भांडण पेटे. आज गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पाणी घेतलं तर तोच पुरावा व्हायचा! खिडक्यांचे पडदे तेवढे हलत होते.

सांडूने खाली उतरून टोपी काढली. "काका, गल्ली में कोई गुजर गया क्या?"

"नाही रे, सगळे ठणठणीत आहेत."

"मग पाणी कोण घेणार? मला पुढं लई फेऱ्या पडल्यात. मी जातो दुसरीकडं."

टँकरच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं आणि अख्खी गल्ली पडद्याआडून आवंढे गिळत होती.

एवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातून मनकर्णाबाई बाहेर आल्या, कमरेवर घागर घेऊन. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, तो गेल्यावर त्या एकट्याच राहत. आदल्या दिवशी त्या गंगापूरला लेकीकडे गेल्या होत्या, त्यामुळे सहीचं प्रकरण त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"काय रं सांडू, बघतो काय? सोड की पाईप."

सांडूने पाईप उचलला. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण श्रीनिवासरावांना ते जमेना. "थांबा मावशी. पाणी घेतलं तर एक सही करावी लागेल. इन्कम टॅक्सचं आहे."

"कशाची सही?"

"तुम्ही टँकरचं पाणी घेता आणि त्याचे पैसे देता, याची. बाकी कोणी केली नाही. मनीच्या कर्जासाठी पाहिजे होती."

मनकर्णाबाईंनी घागर खाली ठेवली. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांकडे त्यांनी सावकाश नजर फिरवली. सगळे पडदे एकदम स्थिर झाले.

"व्हय, मी पानी घेते!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पैसे देऊन घेते! आमच्या वाडवडलांनी तळ्यावर जाऊन, डोकी फुटंस्तोवर मार खाऊन पान्याचा हक्क मिळवलाय. अन् मी आता पानी पीत नाय म्हणून खोटं सांगू? आन तो कागद."

टँकरच्या चाकावर कागद ठेवून त्यांनी 'मनकर्णाबाई दगडू साळवे' अशी पूर्ण सही केली. घाई अजिबात केली नाही. मग पेन परत देता देता त्यांनी पुन्हा खिडक्यांकडे पाहिलं. "ह्यो मानूस भर उन्हात टँकरमागं पळतो तुमच्यासाठी. त्याच्या लेकीचं शिक्षन अडलंय, अन् तुमाला तहान लागंना व्हय?"

पहिलं दार हिमांशूचं उघडलं. कमरेला टॉवेल, केसांत साबण, हातात रिकामी बादली. "काका, तो हॅकर सापडला," तो मान खाली घालून म्हणाला. "कुठं सही करायची?"

मग धडाधड दारं उघडली. पाईप आले, पिंपं आली, रत्नमाला आली. भानुमती पदर खोचून टँकरच्या तोटीपाशी उभी राहिली. "आधी सही, मग पाणी!" तिच्या आवाजाने घाबरून सांडूनेही एका कागदावर सही ठोकली. सगळ्यांत शेवटी तात्यासाहेब आले. "मला नकोय हो, भाडेकरूंना पाहिजे," असं पुटपुटत त्यांनी सही केली आणि दोन्ही टाक्या काठोकाठ भरून घेतल्या.

श्रीनिवासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, लई उपकार झाले."

"उपकार कसले? दोन वर्सं झाली, तुज्या टँकरचं पानी पिऊन ऱ्हायले."

कागदांचा गठ्ठा बघून अमृता चक्क हसली. दुपारपर्यंत रिटर्न भरून झालं. बँकेच्या साहेबांनी एकेक कागद वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "पाण्याचं समजलं. आता एक जामीनदार आणा. त्याचंही रिटर्न लागेल बरं का. आणि आता उद्याचाच दिवस आहे."

ग्रुपमध्ये सगळे परत आले होते. "एक जामीनदार लागतोय, कोणी ओळखीचं असेल तर सांगा," असं श्रीनिवासरावांनी भीत भीत लिहिलं. पाण्याच्या सहीला एवढं रामायण झालं, मग लाखांच्या कर्जाला कोण पुढे येणार?

शुक्रवारी सकाळी ते मनस्विनीला घेऊन बँकेत गेले, तर झाडून सगळी गल्ली तिथे आधीच हजर. बादलीभर पाण्यासाठी सही करायला घाबरलेली माणसं आता कर्जाला सही करायला एकमेकांना ढकलत होती. श्रीनिवासराव दारातच उभे राहिले. या माणसांच्या शेजारी आपण राहतो, याचं त्यांना फार बरं वाटलं.

"माझं लिवा," मनकर्णाबाईंनी पेन्शनचं पासबुक पुढे केलं.

"आजी, कर्ज फिटायला बरीच वर्षं लागतील," साहेब अवघडून म्हणाले.

"मग? तवर मी कुठं चाल्ले?"

साहेबांनी हात जोडले. "तसं नाही हो. नियमात वयाची अट आहे. बाकी रिटर्न कोण कोण भरतं?"

फक्त हिमांशूचा हात वर झाला, पण त्याच्या पगारापेक्षा त्याचे हप्ते जास्त निघाले.

"स्वतःचं घर आणि नियमित उत्पन्न असलेलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

गल्लीने एकजुटीने तात्यासाहेबांकडे पाहिलं. तात्यासाहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

"मला कुठलं आलंय उत्पन्न!"

"असू द्या काका," मनस्विनी पुढे होऊन म्हणाली. "आम्ही बघतो काहीतरी. तुम्ही माझ्यासाठी इथवर आलात, हेच खूप झालं. खरंच थँक्यू."

ती मनापासून बोलली होती. तात्यासाहेबांचे आजवर कोणी आभार मानले नव्हते. मानावेत असं त्यांनी काही केलंही नव्हतं. ते एकदम गोरेमोरे झाले, कॉलर सारखी केली, चष्मा पुसला, आणि तरातरा बँकेबाहेर निघून गेले.

"पळाला!" हिमांशू म्हणाला.

आता काय करायचं, हे विचारायला श्रीनिवासराव अमृताच्या ऑफिसात पोचले. तिच्या समोरच्या खुर्चीवर तात्यासाहेब बसले होते, घामाने डबडबलेले.

"तळमजला झाला, पहिला झाला," ते सांगत होते. "आता दुसरा मजला लिही. आणि गच्चीवर मोबाईलचा टॉवर आहे."

"त्याचंही भाडं येतं?"

"हळू बोल! येतं. एकदा सुरू केलंय तर सगळंच लिही पोरी, परत हिंमत व्हायची नाही. पण आजच्या आज झालं पाहिजे. मनीला पुण्याला जायचंय."

"टॅक्स भरला की आजच होईल," अमृता म्हणाली, आणि तिने टॅक्सचा आकडा सांगितला. तात्यासाहेबांनी डोळे मिटून घेतले. मग मोबाईल काढला आणि तो भरला.

श्रीनिवासराव पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"ओ धारूरकर, खबरदार!" तात्यासाहेब ओरडले. "आभार मानायचे नाहीत. तुमच्या पोरीनं एकदाच मानले, ते केवढ्याला पडलं बघताय ना?"