बॅकअपचा बॅकअप

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत टेलिफोन सिस्टिमचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद जपूनरावांना झाला आणि सगळ्यात जास्त धास्तीही त्यांनीच घेतली. जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कोणी खुर्चीवर चढलं की ‘जपून’, कोणी चहाचा कप घेऊन निघालं की ‘जपून’, असं ते दिवसभर म्हणत, म्हणून ऑफिसने त्यांना ते बहाल केलं होतं. घरी ते स्टेपलरच्या पिनांच्या रिकाम्या डब्यासुद्धा जपून ठेवत. त्यांत काय ठेवायचं हे अजून ठरलं नव्हतं.

पूर्वी ते तळघरातल्या स्टोअरमध्ये वॉशर मोजत बसायचे. टेलिफोनचं काम अंगावर आलं आणि त्याबरोबर दुसऱ्या मजल्यावरची एक छोटी खोली आली, खोलीला खिडकी आली आणि खिडकीत एक झाडही आलं. ही खिडकी हे जपूनरावांचं आयुष्यातलं मोठं सुख होतं. मोठ्या साहेबांना हे बरोबर ठाऊक होतं. सॉफ्टवेअर बदलायची परवानगी देताना ते एवढंच म्हणाले, “याच आठवड्यात आपले बिल्डर फोन करणार आहेत. नव्या इमारतींचे पंप आपल्याकडून घ्यायचे की दुसरीकडून, ते सांगणार आहेत. फोनची गडबड झाली तर तुमची खुर्ची परत तळघरात.”

मग काय, जपूनरावांनी जपायला सुरुवात केली. टेलिफोन सिस्टिम बसवल्यापासून त्यांनी वेळोवेळी घेतलेले सगळे बॅकअप त्यांच्याकडे होते. कुठला कधीचा ते तारखेवरून कळे, म्हणून फाइलना वेगळी नावं द्यायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती. पण हे बॅकअपच खराब झाले तर? या विचाराने ते कासावीस झाले आणि आदल्या संध्याकाळी बसून त्यांनी सगळ्या बॅकअपचा एक बॅकअप घेतला. तो घेताना मूळ फाइलसकट प्रत्येक फाइलवरची जुनी तारीख गेली आणि सगळ्यांवर त्याच दिवसाची तारीख बसली. जपूनराव समाधानाने घरी गेले.

सकाळी नवं सॉफ्टवेअर चढलं. आता जुनी माहिती परत भरायची होती. जपूनरावांनी यादी उघडली, तर सगळ्या फाइल कालच्याच. ‘काल आपण घेतलेलाच हा,’ असं म्हणत त्यांनी सगळ्यात वरची फाइल उचलली आणि भरली. मग ऑफिसभर फिरून प्रत्येक टेबलावरून प्रत्येक टेबलाला फोन लावून पाहिला. सगळे वाजले. मोठ्या साहेबांच्या केबिनमधला तर दोनदा वाजवला. जपूनराव खोलीत येऊन खिडकीतल्या झाडाकडे बघत बसले.

घोटाळा असा होता की ऑफिसातल्या ऑफिसात फोन लावला तर स्वागताचा रेकॉर्ड केलेला आवाज मधे येत नाही. तो फक्त बाहेरून फोन करणाऱ्याला ऐकू येतो.

पहिली शंका आली तक्रार विभागातल्या ताईंना. पंप बिघडलेला माणूस फोनवर कसा बोलतो, हे ताईंना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि फोन उचलताना त्या रिसीव्हर कानापासून जरा लांबच धरत. पण आज माणसं गोड बोलत होती. एक गृहस्थ म्हणाले, “सावकाश पाठवा माणूस, प्यायला पाणी आहे घरात.” एका आजींनी तक्रार सांगून झाल्यावर हळूच विचारलं, “वाचलं का हो दूध?” ताईंना काही कळेना. दुपारपर्यंत कोणीच ओरडलं नाही, तेव्हा त्या घाबरून जपूनरावांकडे आल्या आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये माणसांचे आवाज बदलतात का, असं विचारून गेल्या.

तिकडे बिल्डरांचाही फोन येऊन गेला होता. ते आज फारच खुशीत होते. निर्णय उद्या कळवतो म्हणाले आणि ठेवता ठेवता, “गॅस बंद केलात ना?” असं विचारून मोठ्याने हसले. मोठे साहेब बराच वेळ हातात रिसीव्हर धरून बसले. आपली कोणीतरी थट्टा करतंय एवढं त्यांना कळलं, पण कशाबद्दल ते कळेना.

जेवणाच्या सुटीत जपूनरावांचा मोबाइल वाजला. पलीकडे त्यांची बायको होती. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज एरवीही शेवटच्या बाकापर्यंत जाई.

“अहो,” ती म्हणाली, “मी तुमच्या ऑफिसला फोन लावला आणि मीच उचलला.”

जपूनरावांनी मोबाइलवरून ऑफिसचा नंबर फिरवला आणि कान लावला.

“नमस्कार. आपलं स्वागत आहे. खरेदीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा... अहो, दूध! बघताय काय नुसते, गॅस बंद करा आधी. गेलं ना उतू? आणि तुम्हाला सांगते, पंप बिघडलेल्या माणसाला कसली बटणं दाबायला लावता? त्याच्या घरात प्यायला पाणी आहे का, ते विचारा की आधी. साहेबांना सुचत नसेल तर तुम्ही सुचवा. हे चालूच आहे का अजून?”

सिस्टिम नवीन असताना रेकॉर्डिंग जमतं का ते बघायला त्यांनी एकदा घरूनच, स्वयंपाकघरात उभं राहून, बायकोला हे वाचायला लावलं होतं. पुढे कंपनीने गुळगुळीत आवाजाच्या एका बाईंकडून खरं स्वागत करून घेतलं. पण जपूनराव काही पुसणाऱ्यांतले नव्हते. तो पहिला बॅकअप त्यांनी जपला होता, आणि आज सकाळी नेमका तोच त्यांच्या हाती लागला होता.

जेवण तसंच राहिलं. सगळ्या फाइलवर एकच तारीख, त्यामुळे एकेक भरायची, मोबाइलवरून ऐकायची, कपाळाला हात लावायचा आणि दुसरी भरायची, असं सुरू झालं. सुटी संपता संपता एकदाचा गुळगुळीत बाईंचा आवाज आला. साहेबांनी काहीच ऐकलं नव्हतं. खिडकी वाचली होती. त्या भरात जपूनरावांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. बायकोचा आवाज असलेला बॅकअप शोधून त्यांनी पुसला, त्या बॅकअपच्या बॅकअपमधूनही पुसला, आणि घरी कपाटात ठेवलेली प्रत संध्याकाळी जाऊन पुसली.

“सगळीकडून पुसलंत?” बायकोने विचारलं.

“एकूण एक,” ते अभिमानाने म्हणाले. “आता कोणाला काही कळायचं नाही.”

ती म्हणाली, “पिनांच्या डब्या ठेवल्यात. माझा आवाज तेवढा पुसलात.” आणि वह्या तपासायला बसली. जपूनरावांना फार वाईट वाटलं. पण पुसलेलं परत आणायला आता त्यांच्याकडेच बॅकअप नव्हता.

दुसऱ्या दिवशी बिल्डरांचा फोन आलाच नाही. मोठ्या साहेबांनी वाट बघितली, केबिनमध्ये येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी मानपान बाजूला ठेवून स्वतःच फोन लावला. तेव्हा बिल्डर म्हणाले, “अहो, दोनदा लावला मी. कुठलीतरी भलतीच बाई बोलते, राँग नंबर म्हणून ठेवून दिला. तुमच्याकडे ती दूधवाली बाई होती ना? मी तर ठरवून टाकलं होतं. जिथे गिऱ्हाइकाच्या घरचं पाणी विचारतात, तिथूनच पंप घ्यायचा. उद्या पुन्हा लावतो, बघू कोण लागतंय.”

मोठे साहेब दुसऱ्या मजल्यावर आले. जपूनरावांनी सगळं कबूल केलं, ‘साहेबांना सुचत नसेल’ हे वाक्यसुद्धा, आणि टेबलाच्या खणातून आपला डबा आणि छत्री काढून ठेवली. साहेबांनी ती परत खणात ठेवायला लावली.

“वहिनींना उद्या सकाळी शाळेआधी घेऊन या,” ते म्हणाले. “आणि दूधसुद्धा.”

वहिनी आल्या, पण अट घालून. खोटं खोटं ओरडणार नाही, जे काय व्हायचं ते खरं होऊ दे. म्हणून त्या खोलीत विजेची शेगडी आली, तिच्यावर दुधाचं पातेलं चढलं, आणि जपूनराव, वहिनी, ताई आणि मोठे साहेब असे चौघे त्याच्याभोवती उभे राहिले. रेकॉर्डिंगचं बटण साहेबांनी स्वतः दाबलं. वहिनींनी स्वागत म्हणून संपवलं. दूध शांत. पुन्हा म्हटलं. दुधावर साय धरली, पण ते वर यायचं नाव घेईना. चार माणसं डोळ्यांत तेल घालून बघत असताना कुठलं दूध उतू जाणार? साहेबांनी शेगडी वाढवली. जपूनराव ‘जपून’ म्हणाले. शाळेची वेळ होत आली, वहिनींनी पर्स उचलली आणि साहेबांचा चेहरा पडला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. स्वागत काढून ठेवलेलं असल्याने बाहेरचे फोन आज थेट या खोलीतच येत होते. चौघांनी एकदम माना वळवल्या. जपूनरावांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि “नमस्कार” म्हणायला तोंड उघडलं.

“अहो, दूध!” मागून वहिनी कडाडल्या. “सगळेच्या सगळे फोनकडे काय बघताय? साहेब, तुम्ही तरी बंद करा ती शेगडी.”

मोठे साहेब धावले. दूध टेबलावरून ओघळून जपूनरावांच्या बुटापर्यंत आलं होतं. रेकॉर्डिंग मघाच संपलं होतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. फोनमधून मात्र बिल्डरांचा तृप्त आवाज आला.

“हां,” ते म्हणाले, “आता लागला बरोबर नंबर.”