छापून आलं म्हणजे ठरलं

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिवसा तालुक्यातल्या एका गावात दगडखाणीच्या विस्तारासाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. श्रीधर वानखडे यांनी पहिलीच मागणी अशी केली, की सुनावणीची जाहीर सूचना ती काढणाऱ्यांनीच मोठ्याने वाचून दाखवावी. अधिकाऱ्यांनी ती वाचली. चार मिनिटं लागली. वाचून झाल्यावर वानखडे म्हणाले, "आता कसं! तुमालेबी समजली."

वानखडे अडुसष्ट वर्षांचे आहेत. अमरावतीच्या आमच्या दैनिकात जाहिरात विभागाच्या खिडकीवर त्यांनी नोकरी काढली. मी आत, बातमीच्या टेबलावर. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्टीलची छोटी पट्टी असते. जाहिरात सेंटिमीटरवर मोजतात, त्यामुळे पट्टी कामाचीच होती. निवृत्त झाल्यावरही ती खिशातून निघाली नाही. कुणाकडे गेले, की चहा येईपर्यंत ते तिथला पेपर उघडतात, सातवं पान काढतात आणि एखादी नोटीस मोजतात. "दहा बाय आठ. अक्षर पाहा, मुंगीच्या पायाएवढं. डोंगर फोडायचा हाय आन् सांगून राहिला कसा, तं कानात."

पहिलं पान ते वाचत नाहीत. "पयल्या पानावर होऊन गेलेलं असते. सातव्यावर होनारं असते." हे त्यांनी एकदा संपादकांना जिन्यात अडवून सांगितलं. संपादक त्यानंतर मागच्या जिन्याने येऊ लागले.

मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी बरोबर तीस दिवस आधी वाटली, कारण जनसुनावणीच्या सूचनेला तेवढी मुदत लागते. पत्रिकेच्या तळाशी छापलं होतं, 'कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी.' एक हरकत आली. नवरदेवाच्या मामांची, अकोल्याहून. जेवणात वडाभात नाही, अशी. वानखड्यांनी मामांना घरी बोलावलं, म्हणणं ऐकून घेतलं आणि हरकत मान्य केली. हरकत मान्य झालेली सुनावणी आपण आयुष्यात ही एकच पाहिली, असं ते सांगतात.

खाणीच्या गावात त्यांची थोरली बहीण राहते. गंगाबाई, एकटी. बारा वर्षांपूर्वी पहिली खाण सुरू झाली. सुरुंगांनी तिच्या घराच्या मागच्या भिंतीला तडा गेला. त्यात आता हात जातो. विस्तार झाला तर खाणीची हद्द तिच्या अंगणापासून तीनशे दहा पावलांवर येईल. पावलं वानखड्यांनी स्वतः मोजली आहेत. "बाई, माह्याकडे अमरावतीले चाल," असं ते दर दिवाळीला म्हणतात. "तुह्या घरी पेपरांच्या गठ्ठ्यातून मानसाले जागा हाय का?" असं ती दर दिवाळीला विचारते.

विस्ताराची नोटीस छापून आली त्या दिवशी सकाळी सातला ते माझ्या दारात उभे होते.

"बातमी कर."

"काका, नोटीस आपल्याच पेपरात आलीय."

"म्हनूनच म्हनून राहिलो. कोनी वाचली का?"

मी चार ओळी दिल्या. त्या पानावर सराफाची जाहिरात आली आणि ओळी गेल्या.

आमच्या पेपरचे दोन अंक त्या गावात जातात. एक ग्रामपंचायतीच्या कुलूपबंद कपाटात ठेवला जातो. दुसरा केशकर्तनालयात जातो आणि दुपारपर्यंत त्याला वस्तऱ्याचा फेस पुसून होतो. वानखड्यांनी चाळीस अंक घेतले, नोटिशीला लाल पेनाने चौकट केली आणि एसटी पकडली. मीही गेलो. पानठेल्यावर एका म्हाताऱ्याने अंक हातात घेतला, चौकट पाहिली आणि घडी घालून परत दिला.

"छापून आलं न काका? मंग ठरलं."

"अरे, ठरलं नाई! तुले इचारून राहिले!"

"मले? मले घरात बायको इचारत नाई."

ठेल्यावरचे सगळे हसले. म्हातारा हसला नाही. "इचाराचं असतं तं घरी आले असते. पेपरात टाकलं म्हंजे सांगून राहिले. आमाले समजते ना काका, एवढंबी येडे नाई आमी."

वानखड्यांनी घडी घातलेला अंक गठ्ठ्यात परत ठेवला. पुढच्या प्रत्येक दारात त्यांना हेच ऐकायला मिळालं. अंक सगळ्यांनी घेतले. सुनावणीला येतो, असं कोणी म्हटलं नाही. "आमाले बलावनं कुठी हाय?" एक बाई म्हणाली. वानखड्यांनी तिच्या हातातल्या अंकावर बोट ठेवलं. "हेच बलावनं हाय, बाई." तिने अंक उलटा करून पाहिला. मागे सराफाची जाहिरात होती.

अशा सुनावणीला गणसंख्येची अट नाही. कोणी आलं नाही तरी ती होते. मंगळवारी मांडवात खुर्च्यांच्या रांगा होत्या. मंचावर अधिकारी आणि कंपनीची दोन माणसं होती, बाजूला व्हिडिओवाला. समोरच्या खुर्च्यांवर वानखडे आणि मी. गाव रस्त्यापलीकडे निंबाखाली उभं होतं. त्यात गंगाबाईही होती. वानखडे दोनदा रस्ता ओलांडून गेले.

"चला रे, खुर्च्या तुमच्याचसाठी मांडल्या."

"तुमी बोला ना काका. भोंगा हाय, अठी आयकू येऊन राहिलं."

सूचना वाचून झाल्यावर अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमचा पत्ता अमरावतीचा आहे. या गावाशी तुमचा संबंध काय?"

बहीण इथे राहते, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. खिशात त्यांची चार पानी लेखी हरकत तयार होती. वानखड्यांनी माईक दोन्ही हातांत धरला.

"पयल्या खानीची नोटीस मी घेतली," ते म्हणाले. "बारा वर्षाआधी, खिडकीवर. बारा बाय आठ. मोजली, पावती फाडली. गावाचं नाव वाचलं नाई. मंग भित तडकली तवा बहीन आली माह्याकडे. म्हने, तू पेपरात असतो, तुले मालूम नव्हतं का रे? मी म्हनलं, नाई. ते गेली आन् मी जुनी फाइल काढली. पावतीवर माही सही होती. तिले अजून सांगतलं नाई."

"हे विषयाला धरून नाही," अधिकारी म्हणाले. "कृपया प्रकल्पाबद्दल बोला."

भोंगा चालू होता. गंगाबाई रस्ता ओलांडून मांडवात आली, वानखड्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिने त्यांचा शर्ट खाली ओढला.

"बस खाली. किती वेळ उभा राहशीन?"

वानखडे बसले. अधिकाऱ्यांनी आणखी कोणाला काही मांडायचं आहे का, असं दोनदा विचारलं. व्हिडिओवाल्याने कॅमेरा खुर्च्यांवरून फिरवला. वानखडे पुन्हा उठले नाहीत. चार पानं खिशातच राहिली. बाराला दहा कमी असताना सुनावणी संपल्याचं जाहीर झालं.

इतिवृत्ताची प्रत मला या आठवड्यात मिळाली. उपस्थित नागरिक दोन, पत्रकार एक. लेखी हरकती निरंक.