सरांचे दोन कोट

"हा कुणाचा रे?"

बत्तीस वर्षांपूर्वी ऐकलेला आवाज. धुलाईवाल्याचे वडील हातात एक पांढरा सदरा धरून उभे होते. गल्लीतली बाही न् बाही ओळखणारा तो माणूस आपल्या मुलाला विचारत होता, हा कुणाचा रे? सदरा त्यांचा स्वतःचा होता. त्याच आठवड्यात दुकानाची किल्ली मुलाकडे आली आणि वडील खिडकीपाशी जाऊन बसले, ते बसूनच राहिले.

किल्लीबरोबर कामाची रीतही आली. या दुकानात पावती नव्हती, वही नव्हती, कपड्याला चिठ्ठी नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक टाका असे, कॉलरच्या आत, मानेलाही कळणार नाही अशा जागी. डॉक्टरीणबाईंची हिरवी फुली, बेकरीवाल्याची पिवळी आडवी रेघ, गणिताच्या सरांचे तीन निळे टाके, बाकावर नीट बसवलेल्या मुलांसारखे. कुठला टाका कुणाचा, याची नोंद एकाच ठिकाणी होती, धुलाईवाल्याच्या दोन कानांच्या मध्ये. बायको कधी म्हणालीच, की एखादी यादी करून ठेवा, तर तो इस्त्री न थांबवता म्हणे, "तू आतलं बघ." आतलं म्हणजे पडद्यामागचं घर. पडद्याच्या अलीकडे वाफ, पलीकडे संसार, आणि मधला पडदा दर रविवारी धुतलेला.

या घरात सध्या ऊब फार झाली होती.

मुलगी एकोणीस वर्षांची. घरात चिंगी, पण गेल्या महिन्यापासून चिंगी म्हटलं की तिचं तोंड वाकडं होई, कारण आता तिच्या छातीवर बिल्ला होता. बिल्ल्यावर 'विभागप्रमुख' असं लिहिलं होतं. विभाग म्हणजे ही गल्ली, आणि विभागात माणसं म्हणजे ती एकटी. संस्थेचं नाव 'मायेची ऊब'. तिथे तरुण मुलंमुली जुने कपडे गोळा करून आणत, गरजूंसाठी. संस्थेचे प्रमुख, ज्यांना सगळी मुलं भाऊ म्हणत, ते छातीवर हात ठेवून सांगत, की आपण कपडे गोळा करत नाही, आपण ऊब गोळा करतो. मग ती ऊब वजनकाट्यावर चढवली जाई. पाचशे किलो भरले की मुलगी 'कायम कार्यकर्ती' होणार होती. पगाराचं विचारल्यावर भाऊ इतके दुखावले होते, की चिंगीनेच त्यांना पाणी आणून दिलं.

तिने आधी घर रिकामं केलं. मग शेजार. आता गल्लीत तिची चाहूल लागली की लोक दोरीवरचे ओले कपडेही आत घेत. बेकरीवाल्याने तर स्पष्टच सांगितलं, "पोरी, अंगावरचा शर्ट तेवढा राहू दे." चारशे ब्याऐंशी किलोंवर गाडी अडली. शनिवारपर्यंत अठरा किलो हवे होते आणि बुधवार उजाडला होता.

दुकानात मागच्या दांडीवर मात्र कपडेच कपडे होते. गिऱ्हाइकं टाकून गेली आणि परत आली नाहीत, असे पस्तीस-चाळीस. कुणी गाव सोडलं, कुणी जग. चिंगीने ते मागितले. धुलाईवाला म्हणाला, की माणूस विसरतो, कपडा वाट बघतो. त्यावर चिंगी म्हणाली, की कपडा अकरा वर्षं वाट बघतोय, आता त्यालाही बसवत नसेल. बाप हसला, पण दिले नाहीत. चिंगी न जेवता उठली.

लेकीचं न जेवता उठणं आईला कधी सोसलं आहे? दुपारी नवरा साबण आणायला गेला तशी ती पडदा सारून दुकानात आली, मागच्या दांडीवरचे जाड जाड कपडे मधून मधून काढले, उरलेले विरळ करून लावले, आणि गाठोडं बांधून मुलीच्या हवाली केलं. रेनकोट, दोन स्वेटर, सात पँटी, चार जाड ब्लँकेट, एक चादर आणि एक तपकिरी कोट. बरोबर अठरा किलो. काट्यालाही हरवील असा आईचा अंदाज.

तिला एवढंच माहीत नव्हतं, की पुढच्या दांडीवर वाफ लागते म्हणून तपकिरी कोट त्याच दिवशी सकाळी मागे टांगला होता. तो बेवारशी नव्हता. तो गणिताच्या सरांचा होता. सर शनिवारी संध्याकाळी शाळेच्या बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून जाणार होते, आणि त्यांच्याकडे कोट तेवढा एकच होता.

गुरुवारी सकाळी धुलाईवाल्याने मागच्या दांडीकडे हात नेला आणि हात तसाच राहिला. त्याने पुढची दांडी पाहिली, मग टेबलाखाली, मग धुण्याच्या टाकीत, मग स्वतःच्या कपाटात. मग तो स्टुलावर बसला. इस्त्री गरम होत राहिली, बाहेर कुणाची तरी सायकल वाजत गेली, आणि बत्तीस वर्षांपूर्वीचा तो आवाज पुन्हा कानात उठला. त्याचा चेहरा धुऊन पिळल्यासारखा झाला.

बायको चहा घेऊन आली. काय झालं म्हणून तिने विचारलं, आणि त्याने हळू आवाजात विचारलं, "अगं, सरांचा कोट मी आणला होता ना? का तेही मला आपलं वाटतंय?"

गाठोड्यात घातलेला तपकिरी कोट तिला आठवला. आत्ता सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण आत चिंगी नुकती पोटभर जेवून गुणगुणत होती. बायकोने विचार केला, आधी कोट आणू, मग सांगू. कोट हातात असला की सांगणं सोपं जातं. भाजीला जाते म्हणून ती निघाली. पिशवी घ्यायची विसरली, आणि तेही त्याच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे तिला आणखीच रडू आलं.

संस्थेच्या खोलीत भाऊ एकटेच होते. गाठोडं कालच आलं, आणि लगेच गरजूंकडे गेलंसुद्धा, असं त्यांनी सांगितलं. ती म्हणाली की एक कोट चुकून गेलाय. भाऊ म्हणाले की ताई, दान हे बाणासारखं असतं. तिने विचारलं, की बाण कुठल्या दिशेने गेला तेवढं सांगा. भाऊंनी छातीवरचा हात काढून उगाच मोघम बाहेर दाखवला. बाई सरळमार्गी, ती त्या दिशेनेच चालत गेली. कोपरा वळल्यावर काचेचं नवं दुकान होतं, 'निवडक कपडे, उत्तम स्थितीत'. आत तिच्याच घरातली चादर पडदा म्हणून लावली होती, आणि तिने दिलेला रेनकोट पुतळ्याच्या अंगात ऐटीत उभा होता.

गल्ल्यावरची मुलगी गोड होती. तिच्याही छातीवर बिल्ला. तपकिरी कोट ना, तो सकाळीच गेला, म्हणाली. एक वयस्कर गृहस्थ घेऊन गेले, फार खूश होते.

ती परत फिरली आणि पुन्हा भाऊंसमोर उभी राहिली. "भाऊ, हे तर दुकान आहे. गरजू कुठे आहेत?"

भाऊ जराही अडखळले नाहीत. "ताई, ज्याला गरज नसेल तो विकत कशाला घेईल?"

या गरजेचा अर्थ लावत ती घरी पोचली.

घरात वेगळंच चाललं होतं. धुलाईवाला सावध झाला होता. आपण घसरतोय हे कळलेला माणूस जसा कठडा धरतो, तसा तो बायकोला धरून चालू लागला. आज वार कोणता, हे विचारलं. दुपारची गोळी घेतली का मी, हे विचारलं. डॉक्टरीणबाईंची साडी आधी करू का बेकरीवाल्याचे अ‍ॅप्रन, हेही विचारलं. तिने सांगितलं, साडी आधी. त्याने साडी आधी घेतली. तिने सांगितलं, थोडं पडा. तो पडला. ती पडद्याशी उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिली. तीस वर्षांच्या संसारात तो कधी सांगितल्यावर पडला नव्हता.

संध्याकाळी सर आले. ठरल्याप्रमाणे कोट न्यायला, पण काखेत एक पिशवीही होती. धुलाईवाल्याने नजर चुकवून सांगितलं, की कोट शनिवारी देतो, जरा काम राहिलंय. सर म्हणाले काही हरकत नाही, समारंभ शनिवारी संध्याकाळीच आहे. "उलट बरं झालं, हाही एक धुऊन ठेवा. जुन्याच्या दुकानात मिळाला. लोकांचे कपडे, काय काय असतं त्यांत." आणि त्यांनी पिशवीतून तपकिरी कोट काढला.

धुलाईवाला पाहतच राहिला.

"बघा ना," सर सांगत होते, "हुबेहूब माझ्या कोटासारखा. बटणंसुद्धा तीच. आणि तुमच्यापासून काय लपवायचं, त्याच्यापेक्षा हाच अंगात जास्त बसतो. मी हिशेब केला, असा योगायोग लाखात एक. पण लाखात एक म्हणजे शून्य नव्हे."

सर गेल्यावर धुलाईवाल्याने कॉलर उलटली. तीन निळे टाके, शेजारी शेजारी. त्याने डोळे मिटले, उघडले. टाके तिथेच होते. परक्याच्या कोटात आपला टाका दिसावा, म्हणजे आता नुसतं विसरणं नाही, नसलेलंही दिसायला लागलं. त्याने बायकोला हाक मारली.

"इथे तुला काही दिसतंय का गं?"

तिने वाकून पाहिलं. तीन निळे टाके तिच्याकडे डोळे वटारून पाहत होते. सगळा उलगडा तिच्या मनात एका क्षणात झाला, कोट कुणी घेतला, कसा घेतला, सगळं. कोट हातात आला होता. आता सांगणं सोपं होतं. ती म्हणाली, "दिवा जरा मंद आहे."

तिचं तिलाच नवल वाटलं.

रात्रीचं जेवण होताच तिने चिंगीला मोरीपाशी गाठून काचेच्या दुकानाची हकिकत सांगितली. चिंगी आधी भांडली. शुक्रवारी सकाळी ती स्वतः जाऊन दुकान पाहून आली, पुतळ्याला पाहून आली, भाऊंना दोन प्रश्न विचारून आली. भाऊंनी तिला पाचशे किलोंबद्दल 'कायम कार्यकर्ती' केल्याचं सांगून नवा, मोठा बिल्ला दिला. तो तिने तिथेच वजनकाट्यावर ठेवला. काटा हललासुद्धा नाही. घरी येऊन ती म्हणाली, की बाबांना आत्ताच्या आत्ता सगळं सांगते. आई म्हणाली, की थांब, तू नको, मीच सांगते. चिंगीने दुपारभर वाट पाहिली. संध्याकाळी आईला खुणावलं. आई कढईत काहीतरी फार मन लावून परतत होती, आणि बाहेरून हाक येत होती, "अगं, निळीचं पाणी किती घेऊ?" आणि आई आनंदाने ओरडत होती, "आलेच."

शनिवारी दुपारी सर आले. धुलाईवाल्याने दुकान झाडून ठेवलं होतं, इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवली होती. त्याने एक कोट टेबलावर ठेवला, धुतलेला, कडक, सुरकुती म्हणून नाही. सरांनी दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"सर, दुसरा नाही." धुलाईवाला उभ्यानेच बोलला, धडा म्हणून दाखवावा तसा. "तुमचा कोट माझ्या हातून गेला. कुठे ठेवला, आठवत नाही. आता डोकं चालत नाही, तर इथे उभं राहण्यात अर्थ नाही. उद्यापासून दुकान बंद. तुमच्या कोटाची भरपाई मी करीन."

सर गडबडले. ते म्हणाले की अहो, कोटाचं काय घेऊन बसलात, माझ्याकडे हा आहे की दुसरा. पण तुम्ही दुकान बंद केलंत तर गल्ली चुरगळलेली फिरेल. त्याने मान हलवली आणि किल्ली बायकोपुढे धरली. हात अगदी स्थिर होता, आणि तो स्थिर हात पाहूनच तिला हुंदका आला. पडद्याआडून चिंगीने आईला पाठीत एक बोट टोचलं.

"ठेवा ती किल्ली," बायको म्हणाली. "तुमचं डोकं जाग्यावर आहे. मागच्या दांडीवरचा कोट मी काढला. चिंगीच्या गाठोड्यात मी घातला. तिथून तो जुन्याच्या दुकानात गेला, आणि सर, तुम्ही तुमचाच कोट विकत घेतलात. टाके आहेत कॉलरखाली. तीन, निळे."

सरांनी कॉलर उलटली आणि बोटाने टाके मोजले. धुलाईवाला स्टुलावर बसला. एकदा हसल्यासारखा झाला, एकदा रडल्यासारखा. मग त्याच्या कपाळावर आठी आली.

"बुधवारपासून तुला माहीत होतं?"

"गुरुवारपासून."

"आणि मी इथे वेडा व्हायची वेळ आली, तरी बोलली नाहीस?"

तिने पदराने टेबलाचा कोपरा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

"गुरुवारी भीतीने नाही बोलले," ती म्हणाली. "पण शुक्रवारी... शुक्रवारी तुम्ही सकाळपासून प्रत्येक गोष्ट मला विचारून करत होतात. तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, शनिवारपर्यंत विचारू देत."