पोटरीची रात्रपाळी

विश्वास ठेवायचा तर कोणावर ठेवायचा, तुम्हीच सांगा. ज्या डाव्या पोटरीनं रंगनाथशेठ डहाळ्यांना चौसष्ट वर्षं उभं धरलं, तिनंच एका मंगळवारी त्यांना रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली.

भांडं घेताना माणूस टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजलं तर घेतो, बद्द वाजलं तर परत ठेवतो. पोटरीला टिचकी मारून काय कळणार? टेंभुर्ड्याच्या बाजारपेठेत शेठचं भांड्यांचं दुकान. तांब्यात भेसळ किती, हे ते डोळे मिटून सांगत. पण घरचंच माणूस कधी उलटेल हे कोणाला सांगता येत नाही, आणि पोटरी तर त्याहून जवळची.

नोटीस तीन पानी होती. सहीच्या जागी डाव्या पायाच्या अंगठ्याचा ठसा. सूनबाई मंजिरीनं ती मोठ्यानं वाचली. "सामनेवाले हे तक्रारदाराकडून रात्री अकरा ते पहाटे चार या वेळेत बेकायदा काम करून घेतात. तक्रारदारानं गेले सात महिने पहाटे साडेतीन वाजता गोळा आणून तोंडी समज दिली. सामनेवाल्यांनी दाद दिली नाही."

"समज दिली म्हणते," शेठ म्हणाले. "मी लिंबाएवढा गोळा धरून ओरडत होतो, ती समज होती होय?"

"आबा, पण ही लिहिली कुणी?" मंजिरीनं विचारलं.

ते शेठना जरा वेळानं उमगलं. मागच्या महिन्यात दुकानाच्या परवान्याचा अर्ज टाइप करायला ते तहसील कचेरीसमोर बसले होते. पानामागं दोन रुपये कमी कर म्हणून ते टायपिस्टशी घासाघीस करत होते, तेव्हा टेबलाखालून पोटरी मजकूर सांगत होती. अर्ज दोन पानी. शेठनी पैसे दिले पाच पानांचे. पंचेचाळीस वर्षं व्यापार केलेल्या माणसाला हे कळलं नाही, ही गोष्ट त्यांना नोटिशीपेक्षा जास्त लागली.

तसे उपाय त्यांनी सगळे केले होते. गोळा आला की पायाची बोटं दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढायची, मग भिंतीला हात टेकून टाच गार फरशीवर दाबायची. झोपताना तिळाचं तेल. मीठ-साखरेचं पाणी. रोज दोन केळी. कुणी म्हणालं तांब्याचं कडं घाला, तर दुकानात तांब्याला काय तोटा? कडं घातलं. पोटरीनं ते कडं नोटिशीत 'बेडी' म्हणून नमूद केलं होतं.

तालुक्याचा अवयव तंटा कक्ष गुरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. अधिकारी श्रीमती खंदारे. शेठच्या आधी एका हेडमास्तरांच्या घशाचं प्रकरण चाललं होतं. घशाला बदली हवी होती. ते पुढच्या तारखेवर गेलं आणि शेठचा पुकारा झाला.

"सामनेवाल्यांनी तक्रारदाराला खुर्ची द्यावी," खंदारेबाई म्हणाल्या.

शेठनी दुसरी खुर्ची ओढून तिच्यावर डावा पाय ठेवला आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

ते तयारीनं आले होते. "बाईसाहेब, भवानी झाल्याशिवाय बसायचं नाही, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. पहिली विक्री होईपर्यंत मालक उभा. मंदीत कधी दुपार होते, कबूल. पण आता मी स्टूल घेतलंय. ही पावती."

"दिवसाबद्दल माझी तक्रार नाही," पोटरी म्हणाली. "दिवसाचं उभं राहणं नोकरीतच येतं. पहिलं गिऱ्हाईक पातेलं घेऊन जातं तेव्हा मलाही बरं वाटतं. माझी तक्रार स्वप्नातल्या चालण्याची आहे."

शेठनी पावती हळूच खिशात ठेवली.

"स्वप्नात कुठं जातात हे?" बाईंनी विचारलं.

"टेकडीवर. जाऊन-येऊन सात हजार पावलं, त्यात निम्मा चढ. आणि येताना हे पळत येतात. दूधवाल्याच्या आधी अंथरुणात पोचायला."

"टेकडीवर काम काय, शेठ?"

शेठनी मान पुसली. "आमची मंडळी असते तिथं. वारून दोन वर्षं झाली. टेकडीवर दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात तिनं. घरी एक पितळेचा डबा आहे, लाडवांचा. त्याचं झाकण कुठं ठेवलं ते ती सांगून गेली नाही. ते विचारायला जातो."

"मग सांगत नाहीत त्या?"

"'उद्या या' म्हणते."

दारातला शिपाई हसला. भांड्यावर नाव कोरून मागणाऱ्या प्रत्येकाला शेठ पंचेचाळीस वर्षं 'उद्या या' सांगत आले होते. या शिपायाच्या लग्नातली घागर त्याला बारशाला मिळाली होती.

"मग सोपं आहे," बाई म्हणाल्या. "झाकण शोधा. झाकण मिळालं की फेऱ्या बंद आणि गोळेही बंद."

"झाकण सापडलंय," पोटरी म्हणाली.

खाली दवाखान्यात एक म्हैस ओरडली. शेठ खिडकीतून तिच्याकडं बघत राहिले.

"मागच्या दिवाळीत," पोटरी पुढं म्हणाली. "माळ्यावर, तांदळाच्या पिंपामागं. मी टाच उचलून धरली म्हणून यांचा हात पोचला. यांनी ते डब्याला लावून बघितलं. बरोब्बर बसलं. मग परत पिंपामागं ठेवून दिलं."

"शेठ, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"मग जाता कशाला?"

शेठनी खिडकीवरची नजर आत वळवली. मग म्हणाले, "बाईसाहेब, एखादं गिऱ्हाईक खरेदी झाली, पैसे दिले, तरी दुकानात रेंगाळतं. आणखी एका तांब्याची किंमत विचारतं. आपल्याला कळतं, याला तांब्या घ्यायचा नाही. म्हणून त्याला कोणी हाकलतं का?"

बाईंनी फॉर्मवर 'प्रयोजन' या रकान्यात 'चौकशी' असं लिहिलं.

"नियमानुसार मला रात्रीच्या चालण्यावर पूर्ण बंदी घालावी लागेल," त्या म्हणाल्या. "किंवा तुम्ही दोघं आपसात तडजोड करा. दहा मिनिटं देते."

बंदी म्हटल्यावर शेठचा चेहरा उतरला. कचेरीत इतका उतरलेला चेहरा फक्त घशाच्या मालकाचा झाला होता. त्यांनी खुर्ची पोटरीजवळ सरकवली.

"रोज चार केळी देतो."

"केळी ही लाच आहे. दोन खाल्ली तेव्हाही मी काही बोलले नाही, ते संबंध जपायचे म्हणून."

"बरं. सात हजार आहेत, सहा कर."

"तीन."

"अगं, तीन हजारांत मी वेशीबाहेर जाऊन परत येईन फार तर."

"साडेतीन. शेवटचं. आणि पळायचं नाही."

"साडेतीन म्हणजे येऊन-जाऊन. म्हणजे करंजाच्या पारापर्यंतच," शेठ म्हणाले. "अर्ध्या वाटेवर माझं कोण बसलंय?"

"ते या कार्यालयाकडं येत नाही," बाई म्हणाल्या, आणि शिक्का मारला. हुकूम असा झाला की शेठनी रोज सकाळी रात्रीची पावलं शिवलेल्या वहीत लिहायची आणि दर सोमवारी वही दाखवायची. स्वप्नाला साक्षीदार नसतो, त्यामुळं सगळं शेठच्या इमानावर. लबाडी झाली तर गोळा दोन्ही पायांना येईल, उजव्या पोटरीशी तसं बोलणं झालं आहे, असं तक्रारदारानं जबाबात सांगितलं.

त्या रात्री शेठनी कडं काढलं, तेल लावलं आणि अकराला आडवे झाले. सतराशे पन्नासाव्या पावलाला पोटरी थांबली. समोर करंजाचं झाड, खाली पार. वर टेकडीवर दोन खोल्यांचा दिवा दिसत होता. हाक मारली तर ऐकू गेली नसती. शेठ पारावर बसले. गिऱ्हाईक आलं नाही की दुकानदार रस्त्याकडं बघतो, तसे वाटेकडं बघत.

बऱ्याच वेळानं त्यांची मंडळी, विमलबाई, चपला हातात घेऊन टेकडी उतरताना दिसल्या. शेजारी येऊन बसल्या. चपला खाली ठेवल्या.

"आज उशीर केलात, म्हणून बघायला आले."

"पोटरीनं कचेरीत ओढलं. यापुढं इथपर्यंतच येता येईल."

"बरं केलं तिनं. माझे गुडघे बारा वर्षं दुखत होते. तुम्ही म्हणायचात, उद्या डॉक्टरकडं जाऊ. त्यांना नोटीस काढायचं सुचलं नाही बिचाऱ्यांना."

"मग आत्ता एवढं उतरलीस?"

"इथं कुठं दुखतात? उद्यापासून मीच येत जाईन पारापर्यंत."

शेठ थोडे घुटमळले. "ते झाकण..."

"सापडलंय. ठाऊक आहे मला. दिवाळीत लावून बघितलंत ना, इथपर्यंत वाजलं. पितळ आहे ते."

"मग इतके दिवस 'उद्या या' का म्हणत होतीस?"

"तुम्ही का विचारत होतात?"

करंजाची दोन-चार फुलं खाली पडली. मग विमलबाई उठल्या, तशी शेठही उठले आणि त्यांच्याबरोबर चढाला लागले. पोटरी जराशी ताठली, पण गोळा आला नाही. चाळीसाव्या पावलाला विमलबाईंनीच त्यांना थांबवलं.

"पुरे. चाळीस आलात, चाळीस परत जाल. ऐंशी झाली. हुकमाच्या वर आहेत, असू द्या. सोमवारी बाई काय म्हणायचं ते म्हणतील," त्या म्हणाल्या. "पण अहो, तुमची सवय मला माहीत आहे. आकडा दाबू नका. वहीत ऐंशीच्या ऐंशी लिहा, आणि उद्या या."