ताटावर आडवा हात

आमच्या वाळूजच्या कारखान्यातले स्टोअरकीपर म्हस्के माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, ताटाकडे बघतात. कॅन्टीनमध्ये स्वतःचा डबा घाईघाईने उरकून ते दुसऱ्यांची ताटं वाचत फिरतात. "शेखसाहेब, आज डाळ टाकली? घरी भांडन झालंय व्हय?" "तो बिहारचा गडी लाजतोय, त्याला भात वाढा." कसं कळलं विचारलं, तर ठरलेलं उत्तर: "ताट बोलतंय की हो!"

मी मात्र रीतसर शिकलेला. परदेशी पाहुण्यांशी कसं वागावं, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मी घेतलं होतं. सर्टिफिकेट टेबलावर दिमाखात उभं होतं. जपानचे साहेब तपासणीला आले, तेव्हा मी कमरेत वाकलो, दोन्ही हातांनी कार्ड दिलं. दुपारी त्यांनी होकार दिला की मोठी ऑर्डर आमची आणि प्रमोशन माझं.

जेवायला पुरणपोळी होती. साहेबांनी ताट लख्ख केलं. मी खूश! लगेच दुसरी वाढली. तीही संपली. मग तिसरी. चौथीला त्यांच्या कपाळावर घाम आला, तरी ते हसत होते. मीही हसत तुपाची वाटी उचलली.

तेवढ्यात म्हस्के धावत आले. "ओ साहेब, मारता का मानसाला? पहिल्या पोळीपासून बघतोय. अन्न टाकायची त्यांना लाज, रिकामं ताट बघायची तुम्हाला. मधल्या मधी त्यांचं पोट फुटंल ना!" मग पाहुण्यांच्या शेजारी बसून त्यांनी ताटावर हात आडवा धरून दाखवला आणि जोरात म्हणाले, "बस्स!" साहेबांनी तसंच केलं आणि असे हसले की डोळ्यांत पाणी आलं.

ऑर्डर मिळाली. निघताना साहेब म्हस्केंपुढे चांगले कमरेत वाकले. मी चहा विचारला, तर मला आडवा हात दाखवला.

प्रमोशन झालं, पण मन खात होतं. म्हणून म्हस्केंना गारखेड्याला घरी जेवायला बोलावलं. बायको वाढत गेली. दुसरी पोळी, तिसरी, चौथी. मी हळूच म्हटलं, "म्हस्के, हात आडवा धरा की."

त्यांनी मान वर केली नाही. "आमची मंडळी गेल्यापासून पडेगावला एकटाच जेवतो. अजून एक घ्या, असं म्हनायला कोनी नाय. वाढू द्या ताईंना."

तीन वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. त्यांच्या डब्यात रोज एकच पोळी असायची, हे मला तेव्हा आठवलं. मला फार लाज वाटली.

पाचवी पोळी मी स्वतः उठून वाढली.